गरवणाऱ्या ज्येष्ठांसाठी किनाऱ्यावरचा तंबू

वय झाले म्हणून रत्नागिरीचा माणूस हातातली गरी सहजासहजी खाली ठेवत नाही. मांडवीच्या जेटीवर, काजळी नदी समुद्राला मिळते त्या भाट्याच्या खाडीकाठी, मिऱ्या किंवा काळबादेवीच्या किनाऱ्यावर सकाळच्या प्रहरी गरवायला बसलेल्या मंडळींत पांढऱ्या केसांची माणसे हमखास दिसतात. गरीला तांबोशी लागावी, निदान एखादी शेंगटी तरी यावी, एवढीच त्यांची अपेक्षा असते. पुष्कळदा तेवढेही घडत नाही. तरीही दुसऱ्या दिवशी ही मंडळी त्याच जागी हजर असतात.

कुटुंबातील माणसांना मात्र काळजी वाटते. एकदा उन्हाने चक्कर आली, एकदा खडकावर पाय घसरला, की घरात निर्णय होतो : "आता पुरे झाले, घरीच बसा." निर्णय मायेपोटीच घेतलेला असतो, पण त्याची किंमत ज्येष्ठांना मोजावी लागते. किनाऱ्यापर्यंतचे चालणे थांबते, बरोबरीच्या माणसांशी होणारे बोलणे थांबते, उद्या पहाटे उठण्याचे कारण नाहीसे होते. स्नायू, झोप, भूक आणि मन या सर्वांवर त्याचा परिणाम होतो. आपल्या घरात असा प्रसंग आला असेल, तर बंदी घालण्यापूर्वी एका साध्या उपायाचा विचार अवश्य करावा. तो उपाय म्हणजे घडी करून नेता येणारा, सावली देणारा हलका तंबू.

थंड देशांतून आलेली कल्पना

अशा तंबूची कल्पना सर्वांत अधिक विकसित झाली ती उत्तर अमेरिका आणि उत्तर युरोपातील गोठणाऱ्या सरोवरांवर. तेथे हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून त्यातून गळ सोडतात. त्यासाठी वापरले जाणारे तंबू दुपदरी कापडाचे असतात आणि दोन पदरांमध्ये रजईसारखा कापसाळ थर शिवलेला असतो. आतील माणसांच्या अंगाची ऊब बाहेर जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. छत्रीप्रमाणे उघडणाऱ्या काड्यांमुळे ते काही मिनिटांत उभे राहतात.

रत्नागिरीत बर्फ लागतो तो मासे ठेवण्यासाठी! त्यामुळे तो तंबू जसाच्या तसा आपल्या किनाऱ्यावर आणण्यात अर्थ नाही, आणणे धोक्याचेच ठरेल. सहज उचलता येणे, झटपट उभा राहणे, बसायला सुरक्षित जागा देणे हे त्याचे गुण आपण घ्यावेत. ऊब कोंडून ठेवण्याचा गुण मात्र उलटा करावा. आपल्याला ऊन अडवणारा, पण वारा न अडवणारा तंबू हवा. खरेदीपासून उभारणीपर्यंतचा प्रत्येक निर्णय या एका कसोटीवर पारखावा.

दमट उष्मा आणि उतारवय

घाम त्वचेवरून उडून जातो तेव्हा शरीर थंड होते. कोकणच्या दमट हवेत घाम येतो, पण तो उडत नाही, नुसता ओघळतो. त्यामुळे तापमापकावरचा आकडा आपल्याला फसवतो. ३२ अंश सेल्सिअस तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर शरीराला सुमारे ४१ अंशांइतका उष्मा जाणवतो. भारतीय हवामान विभागाच्या निकषांतही किनारपट्टीचा विचार वेगळा केलेला आहे. मैदानी प्रदेशात कमाल तापमान ४० अंशांवर गेल्यावर उष्णतेच्या लाटेचा विचार सुरू होतो, तर किनारपट्टीवर ३७ अंशांवर आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी अधिक तापमान असल्यास.

उतारवयात या अडचणीत भर पडते. तहानेची जाणीव मंदावते, घाम कमी येतो, त्वचेकडे रक्त वळवून शरीर थंड करण्याची हृदयाची क्षमता घटते. लघवीचे प्रमाण वाढवणाऱ्या गोळ्या, रक्तदाबाची काही औषधे, सर्दी-अ‍ॅलर्जीवरील काही गोळ्या आणि मानसिक विकारांवरील काही औषधे उष्मा सोसण्याची शक्ती आणखी कमी करतात. ही औषधे मनाने बंद करू नयेत. "मी रोज दोन-तीन तास किनाऱ्यावर बसतो," एवढे आपल्या डॉक्टरांना सांगून सल्ला घ्यावा.

डोक्यावरची सावली पुरेशी असते, हाही गैरसमज आहे. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरणे परावर्तित करतो. म्हणून तंबूत बसल्यावरही रुंद काठाची टोपी, लांब बाह्यांचा सुती सदरा आणि काळा चष्मा हवाच. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांनी चष्म्याची विशेष काळजी घ्यावी.

खरेदी करताना

बाजारात साधारणतः तीन प्रकार मिळतात. पहिला, मोठ्या छत्रीचा. तिचे वजन तीन ते पाच किलो असते, ती उघडायला सोपी आणि हवेशीर असते. परंतु सावली सूर्यासोबत सरकते आणि जोराच्या वाऱ्यात छत्री उलटते. दुसरा, समोरून उघडा आणि मागे कापडी भिंत असलेला अर्धा तंबू. वजन दोन ते चार किलो. एकट्यादुकट्या ज्येष्ठासाठी हा सर्वांत सोयीचा. तिसरा, चार खांबांचा मोठा मांडव. त्याची सावली उत्तम, पण वजन पंधरा ते पंचवीस किलोंपर्यंत असल्याने उभारायला किमान दोन धडधाकट माणसे लागतात.

अर्धा तंबू घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात. बाहेरचे कापड फिक्या रंगाचे किंवा रुपेरी लेपाचे असावे. मागील भिंतीला जाळीची मोठी खिडकी असावी आणि ती पूर्ण उघडता यावी. छत दुपदरी असून दोन पदरांत हवा खेळायला जागा असेल तर उत्तम. मधल्या हवेमुळे वरचा ताप खाली कमी उतरतो. खुर्चीवर बसून डोके छताला लागणार नाही एवढी उंची हवी. पुष्कळसे तंबू जमिनीवर लोळणाऱ्या मुलांसाठी बनवलेले असतात. त्यात वाकून शिरावे लागते. गुडघे आणि कंबर दुखणाऱ्याला ते निरुपयोगी. दाराशी कापडाचा उंबरा असल्यास तो खाली दाबून सपाट करता येतो का, हेही पाहावे. पाय अडकून पडण्याची ती पहिली जागा असते.

तंबू आणल्यावर तो थेट किनाऱ्यावर नेऊ नये. आधी घरच्या खळ्यात दोन-तीन वेळा उघडून आणि मिटवून पाहावा. आपोआप उघडणाऱ्या तंबूंतील काड्यांना बराच ताण असतो. पिशवीतून काढताना चेहरा दूर ठेवावा आणि हे काम घरातील तरुणाने करावे. अशा तंबूची घडी घालणे उघडण्यापेक्षा अवघड असते, हे पहिल्याच दिवशी कळते.

जागा, दिशा आणि वारा

सर्वप्रथम भरती पाहावी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते, हा कोकणातला जुना हिशेब. अष्टमीला सहाच्या सुमारास, तर पौर्णिमा-अमावास्येला अकरा-बाराच्या सुमारास पूर्ण भरती. हा अंदाज आहे. नेमकी वेळ छापील भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहून घ्यावी. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास उधाणाचे पाणी नेहमीपेक्षा बरेच वर चढते. वाळूवर कचऱ्याची आणि शेवाळाची ओळ दिसते, तिच्याही पुरेसे वर तंबू लावावा. दोरी सोडायला पाण्याजवळ जावे लागले तरी चालेल. परत येऊन बसण्याची जागा कोरडी हवी.

माडाखाली तंबू कधीही लावू नये. पडणारा नारळ किंवा वाळलेली झावळ कापड रोखू शकत नाही. भाट्याला सुरूच्या झाडांची सावली आहे, तिचा लाभ घ्यावा. मात्र वाळलेल्या फांद्यांखाली बसू नये. जेटीवर बसायचे असल्यास बोटींची आणि माल नेणाऱ्यांची वाट मोकळी ठेवावी. मिरकरवाड्यासारख्या गजबजलेल्या मासेमारी बंदरात तंबू नेण्याचा विचारच करू नये.

दिशेच्या बाबतीत आपला किनारा आपल्याला साथ देतो. समुद्र पश्चिमेला असल्यामुळे सकाळचे ऊन पाठीमागून, जमिनीच्या बाजूने येते. तंबूची बंद पाठ पूर्वेला आणि हिवाळ्यात किंचित आग्नेयेला केली, की समोर समुद्र मोकळा आणि अंगावर सावली असा योग साधतो. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. पाठीमागची खिडकी उघडी असेल तर तो तंबूतून आरपार जातो. साधारण दहा-अकरानंतर वारा फिरतो आणि समुद्राकडून खारा वारा सुरू होतो. तो तंबूच्या उघड्या तोंडातून आत शिरतो. त्या वेळी मागची खिडकी बंद असेल, तर तंबू शिडासारखा फुगतो आणि उखडतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, हे लक्षात घ्यावे. संध्याकाळी सूर्य समोर येतो आणि तंबूची सावली मागे पडते. म्हणून सकाळची वेळ ज्येष्ठांसाठी अधिक सोयीची.

उभारणीचा क्रम

वाऱ्याच्या बाजूचे दोन कोपरे आधी बांधावेत, मग तंबू उभा करावा. सोबत मिळणाऱ्या बारीक लोखंडी खुंट्या मऊ वाळूत टिकत नाहीत. त्याऐवजी जाड कापडी पिशव्या वाळूने भरून, त्यांना दोरी बांधून, त्या फूट-दीड फूट खोल पुराव्यात. जेटीच्या काँक्रीटवर खुंटी ठोकता येत नाही. तेथे पाण्याने भरलेले कॅन उपयोगी पडतात. वीस लिटरच्या एका कॅनचे वजन वीस किलो होते. दोन मागे आणि दोन पुढे बांधावेत. रिकामे कॅन घेऊन जाऊन जागेवर भरले, तर ओझे वाहावे लागत नाही.

ताणाच्या दोऱ्या हे पडण्याचे दुसरे कारण. ज्या बाजूने ज्येष्ठ ये-जा करणार, त्या बाजूला दोरी नसावी. उरलेल्या दोऱ्यांना लाल किंवा पिवळ्या कापडाच्या चिंध्या बांधाव्यात.

बसायला हात असलेली, भक्कम घडीची खुर्ची हवी. बैठक जमिनीपासून साधारण ४५ सेंटिमीटर असावी, म्हणजे तळपाय जमिनीवर टेकतात आणि उठताना हातांचा आधार मिळतो. खुर्चीचे पाय वाळूत रुतू नयेत म्हणून खाली फळी ठेवावी. दर अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे; त्याने पायांवरची सूज टळते. उठताना मात्र आधी क्षणभर पुढे बसून राहावे, पायांची बोटे हलवावीत, मग उभे राहावे. एकदम उठल्याने रक्तदाब उतरून तोल जातो.

सोबतची पिशवी

पाणी तहान लागण्यापूर्वी, थोडे थोडे घेत राहावे. कोकमाचे साखर न घातलेले किंवा कमी साखरेचे पाणी उत्तम. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल, तर प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी. किनाऱ्यावर लघवीची सोय नसते, म्हणून अनेक ज्येष्ठ पुरुष आणि त्याहून अधिक ज्येष्ठ स्त्रिया मुद्दाम पाणी पीत नाहीत. हे अत्यंत घातक आहे. स्वच्छतागृह जवळ असेल अशीच जागा निवडावी आणि ही गोष्ट घरच्यांनी आधीच पाहून ठेवावी. ज्येष्ठ ती स्वतःहून बोलणार नाहीत.

मधुमेहींनी अनवाणी चालू नये. मांडवीची काळी वाळू उन्हात फार तापते आणि बधिर तळव्यांना चटका कळत नाही. इन्सुलिन थंड डब्यात, पण बर्फाला न लागता ठेवावे. गोठलेले इन्सुलिन निकामी होते. जवळ साखर किंवा गोळ्या-बिस्किटे असावीत.

शेंगटीचा काटा किंवा पाकटाची नांगी लागल्यास जखम स्वच्छ पाण्याने धुऊन सोसेल एवढ्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावी. वेदना कमी होतात. पाणी किती गरम आहे हे दुसऱ्याने हात घालून पाहावे. नंतर डॉक्टरांकडे जाऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास छोट्या जखमेवरही सलग दहा मिनिटे दाब द्यावा.

मिळालेला मासा लगेच बर्फात ठेवावा. माशाच्या वजनाइतका बर्फ हवा. बांगड्यासारखे मासे उन्हात राहिले की त्यांत हिस्टामिन तयार होते. ते शिजवूनही नष्ट होत नाही आणि अंगावर लाली, धडधड, डोकेदुखी असा त्रास होतो.

तंबू कधी सोडावा

आभाळ गडगडू लागताच तंबू सोडावा. कापडाचा तंबू विजेपासून अजिबात संरक्षण देत नाही. धातूचे खांब आणि कार्बनची काठी धोका वाढवतात. पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' हे मोबाइल अ‍ॅप विजेची पूर्वसूचना देते. ते घरातील एकाच्या तरी फोनवर असावे. जून ते सप्टेंबर हा काळ तर वर्ज्यच. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सकाळी सर्वांत चांगल्या. मार्चनंतर नऊ-साडेनऊपर्यंत घरी परतावे.

डोकेदुखी, मळमळ, पायांत गोळे, गळून गेल्यासारखे वाटणे ही उष्म्याची पहिली चिन्हे. तेव्हाच परतावे. बोलणे असंबद्ध होऊ लागले, अंग भाजल्यासारखे तापले किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजावा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तोपर्यंत कपडे सैल करून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा, मान, काखा आणि जांघांत बर्फाच्या पिशव्या ठेवाव्यात. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

मुलांकडे परदेशी जाणाऱ्यांसाठी

आपली मुले टोरांटोकडे किंवा मिनेसोटात असतील आणि हिवाळ्यात तेथे जाणे झाले, तर सिमको सरोवरासारख्या ठिकाणी बर्फावरचे ते जाड तंबू प्रत्यक्ष दिसतील. नातवंडे आग्रह करतील, तर अवश्य जावे. मात्र दोन नियम पाळावेत. माणसांना चालण्यासाठी स्वच्छ, टणक बर्फ किमान चार इंच जाडीचा असावा लागतो, आणि तरीही कोणताही बर्फ पूर्ण सुरक्षित मानत नाहीत. म्हणून स्थानिक जाणकारांसोबतच पाऊल टाकावे. दुसरा नियम तंबूतील गॅसच्या हीटरचा. बंद तंबूत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो. या वायूला रंग नाही, वास नाही. डोके दुखते, झोप येऊ लागते आणि माणूस उठतच नाही. तंबूचे झरोके सदैव उघडे हवेत. हृदयविकार असलेल्यांनी कडाक्याच्या थंडीत जाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, कारण थंडीने रक्तवाहिन्या आकसून रक्तदाब वाढतो.

हाच नियम आपल्याकडेही लागू आहे. डासांसाठी तंबू बंद करून आत अगरबत्ती लावणे, वाऱ्यापासून आडोसा म्हणून आत शेगडी वा स्टोव्ह पेटवणे सर्वस्वी टाळावे. चहा थर्मासमधून न्यावा.

हंगाम संपल्यावर

खाऱ्या हवेने चेन आणि काड्या गंजतात. प्रत्येक वेळी घरी आल्यावर तंबू गोड्या पाण्याने धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून मगच घडी करावी. पावसाळ्यापूर्वी तो कोरड्या जागी माळ्यावर ठेवावा, नाहीतर बुरशी धरते आणि पुढच्या हंगामात तिचा दम्याच्या रुग्णाला त्रास होतो.

काळजी घेणाऱ्यांना एक विनंती. तंबू कुठे लावायचा, किती वाजता परतायचे, हे ज्येष्ठांना विचारून ठरवा. पाण्याची, वाऱ्याची आणि माशांची ओळख त्यांची आहे. दोऱ्या ताणायचे आणि कॅन उचलायचे बळ आपले. जाण्या-येण्याची वेळ घरात सांगून ठेवावी, फोन चार्ज असावा, आणि आठवड्यातून एखादा दिवस आपणही शेजारी एक खुर्ची मांडून बसावे.